यादीतले सातही विषय घ्यायला लावू का?

पत्र

नमस्कार ताई,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. मुलगी इथल्याच सरकारी विद्यापीठात शिकते, सप्टेंबरमध्ये तिसऱ्या वर्षाला जाईल. पदवीनंतर तिला मेडिकलला जायचंय. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स हे सगळं लॅबसकट दोन वर्षांत झालं. एकूण जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, चारपैकी ३.६६ आहे, सायन्सचा ३.५. पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्रीच्या दुसऱ्या भागात सी प्लस पडला, तो काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. पुढच्या एप्रिलमध्ये एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्यायची आणि जूनमध्ये अर्ज भरायचा, असं तिचं ठरलंय.

कॉलेजच्या ॲडव्हायझरने तिला 'रेकमेंडेड' विषयांची यादी दिलीय: बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, जेनेटिक्स, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी. (सायकॉलॉजीचं एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा कोर्स, तिने हायस्कूलमध्येच केलंय.) माझं म्हणणं, सातही घे. आमच्या मंडळातल्या एकांच्या मुलाने सगळे घेतले होते, त्याला पहिल्या फटक्यात ॲडमिशन मिळाली. दोन विषय उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, उरकतील, बाकीचे वर्षभरात होतील. सी प्लसवाला विषयही पुन्हा करावा असं मला वाटतं.

ती म्हणते, हे ऑप्शनल आहेत, मी एक-दोन घेईन. आणि उरलेल्या जागेत तिला स्पॅनिश घ्यायचंय! शनिवारी रात्री ती गावच्या ॲम्ब्युलन्स स्क्वाडवर ईएमटी (तातडीची प्रथम मदत देणारी) म्हणून जाते, फुकट, आणि तिथे अर्धे पेशंट स्पॅनिशच बोलतात म्हणे. खरं तर एमकॅट होईपर्यंत ते स्क्वाडही बंद करावं असं मला वाटतं. तिचे बाबा म्हणतात, तिचं तिला ठरवू दे. तुम्ही सांगा, ऐच्छिक विषयांनी अर्जाला वजन येतं की नाही?

एक आई, एडिसन

उत्तर

नमस्कार,

आधी उत्तर सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. बायोकेमिस्ट्री घ्यायलाच हवी, आणि तीही येत्या सप्टेंबरच्या सेमिस्टरला. स्टॅटिस्टिक्स घेऊ दे. फिजिऑलॉजी आणि जेनेटिक्स यांपैकी एखादा. ॲनाटॉमी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी सोडून द्या. सी प्लसवाली केमिस्ट्री पुन्हा करायला लावू नका. स्पॅनिश घेऊ दे. ॲम्ब्युलन्स बंद करायचा विचार तर मनातून काढूनच टाका.

तुमच्या प्रश्नामागचा हिशेब मला ओळखीचा आहे. मीही बारावी महाराष्ट्रातच केली. पीसीबीचे मार्क, मेरिट लिस्ट, अर्ध्या टक्क्याने हुकलेली सीट आणि त्यावर पुढची दहा वर्षं घरात होणारी चर्चा. आता तिकडे नीट आहे, ७२० मार्कांची एकच परीक्षा, पण मनातलं गणित तेच: जितकं जास्त रेटाल तितका नंबर वर. इथे तसा नंबर लावणारी एक यादीच नाही. अर्ज माणसं वाचतात. शिफारशीतला विषय घेतला म्हणून दोन मार्क वाढवले, नाही घेतला म्हणून दोन कापले, असा कारभार इथे नसतो. विषयाने अर्जाला वजन येतं, पण त्या विषयाने काहीतरी काम केलं तरच. एमकॅटला उपयोगी पडला, ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, कुणाला शंका येईल ती जागा बुजवली, किंवा मुलीला नीट ओळखणारा एक प्रोफेसर मिळवून दिला, तर तो विषय कामाचा. यातलं काहीच होणार नसेल तर तो नुसता वेळ खातो.

अर्ज समोरच्याला दिसतो कसा, ते बघू. बहुतेक एमडी कॉलेजांचे (इथे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) अर्ज ॲमकॅस नावाच्या एकाच यंत्रणेतून जातात (टेक्सासच्या सरकारी कॉलेजांची चूल वेगळी). हायस्कूलनंतर जिथे जिथे शिक्षण झालं तिथली प्रत्येक ट्रान्सक्रिप्ट मागवतात, एकेक विषय आपल्या खात्यात टाकतात आणि जीपीए स्वतःच्या मापाने पुन्हा मोजतात. त्यातून एक तक्ता तयार होतो. आडव्या ओळी वर्षांच्या, पहिलं, दुसरं, तिसरं. उभे रकाने तीन. एक बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा, ज्याला सगळे बीसीपीएम म्हणतात. दुसरा इतर सगळ्या विषयांचा. तिसरा एकूण. फाइल उघडणाऱ्याची नजर आधी जाते ती इथे आणि एमकॅटच्या आकड्यावर. विषयांची नावं मागाहून, आणि तीही पुष्कळदा वरवरच.

तुमची सात विषयांची यादी आता या तक्त्यात टाकून बघा. सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी बीसीपीएममध्ये धरतच नाहीत, त्या 'इतर'मध्ये जातात. ज्या सायन्स जीपीएची तुम्हाला काळजी लागून राहिलीय, तो या दोन विषयांत ए प्लस आणला तरी तसूभर हलणार नाही. स्टॅटिस्टिक्स मात्र गणितात मोजतात. म्हणजे यादीत एका दमात म्हटलेले विषय तक्त्यात वेगवेगळ्या घरात बसतात, आणि ॲडव्हायझरच्या छापील कागदावर हे लिहिलेलं नसतं.

थोडी आकडेमोड करू. समजा सायन्सचे तिचे ४० क्रेडिट (विषयाचा भार मोजायचं माप) झालेत, सरासरी ३.५. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३. पुढच्या वर्षात तिने १४ क्रेडिटचं सायन्स घेतलं आणि सगळीकडे ए आणला, तर सरासरी ३.६३ होते. तेच १४ क्रेडिट बी ने गेले तर ३.३७. जेवढं वर जाता येतं, तेवढंच खालीही येता येतं. आणि खाली यायची शक्यता कधी वाढते? सेमिस्टर १५ क्रेडिटचं असायचं ते १८-१९ चं केलं, त्यात रविवारी लॅब रिपोर्ट, आणि त्याच स्प्रिंगमध्ये, म्हणजे जानेवारी ते मेच्या सेमिस्टरला, एमकॅट, की मग वाढते. सात विषयांत चार ए नि तीन बी यापेक्षा तीन विषयांत तीन ए केव्हाही बरे. २०२३ साली एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७७ होता आणि एमकॅट ५१२ च्या आसपास. अर्ज केलेले ५२ हजारांच्या वर, जागा मिळाली जवळपास २३ हजारांना. तुमची लेक सरासरीच्या जरा खाली आहे, फार नाही. तिला गरज आहे ती तिसऱ्या वर्षाची ओळ वरच्या दोन ओळींपेक्षा ठसठशीत दिसण्याची. ती ओळ विषयांच्या गर्दीने ठसठशीत होत नाही.

आता एमकॅट. २०१५ साली ही परीक्षा बदलली, तेव्हापासून तिचे चार भाग आहेत आणि गुण ४७२ ते ५२८ मध्ये मिळतात. दोन भाग मूळ विज्ञानाचे, प्रत्येकी ५९ प्रश्न. या दोन्ही भागांत साधारण चौथा हिस्सा पहिल्या सेमिस्टरच्या बायोकेमिस्ट्रीचा असतो. म्हणजे दोन्ही मिळून तीसेक प्रश्न झाले. वीस ॲमिनो ॲसिडं त्यांच्या एकेका अक्षराच्या खुणेसकट, एन्झाइमच्या वेगाचे आलेख, ग्लायकॉलिसिसच्या पायऱ्या, हे सगळं वर्गात बसून, होमवर्क करून, एक-दोन परीक्षांत मार खाऊन सेमिस्टरभर मुरलं तर बसतं. जानेवारीत कोर्स सुरू केला तर एप्रिलच्या परीक्षेपर्यंत निम्माच हातात येतो. म्हणून सप्टेंबर. शिवाय कित्येक कॉलेजांनी बायोकेमिस्ट्री आता सक्तीचीच केलीय. ॲडव्हायझरने ती शिफारशीत का टाकली, देव जाणे. यादी जुनी असावी.

सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचाही एक भाग एमकॅटमध्ये आहे, ५९ प्रश्नांचाच. त्यात ६५ टक्के सायकॉलॉजी, ३० टक्के सोशिऑलॉजी, उरलेली थोडी बायोलॉजी. सायकॉलॉजीचा पाया तिचा एपीमध्ये झालाय. सोशिऑलॉजीचे प्रश्न निघाले अठराएक. अठरा प्रश्नांसाठी अख्खा सेमिस्टर खर्ची घालायचा? तयारीच्या पुस्तकातले ते धडे वाचून आणि फ्लॅशकार्डं घोटून मुलं हा भाग चांगला काढतात. तिला समाजशास्त्राची मनापासून ओढ असती तर मीच म्हटलं असतं घे म्हणून, पण तुमच्या पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

स्टॅटिस्टिक्सची गोष्ट वेगळी. एमकॅटमध्ये त्याची सूत्रं विचारत नाहीत, पण विज्ञानाच्या भागांतला साधारण पाचवा हिस्सा प्रयोगाची रचना आणि आलेख-तक्ते वाचण्यावर बेतलेला असतो. नवं औषध चालतं की नाही, हा दावा कागदावरून तपासायला डॉक्टरला आयुष्यभर हेच लागतं. शिवाय गणिताची अट असलेल्या पुष्कळ कॉलेजांत ती स्टॅटिस्टिक्सने भागते.

ॲनाटॉमीचा मोह मी समजू शकते. नाव ऐकलं की डॉक्टरकी जवळ आल्यासारखी वाटते. पण मेडिकलच्या पहिल्या वर्षी ती पहिल्यापासून शिकवतात, सगळ्यांना. आधी केलेली असली तर तेव्हाचे काही आठवडे हलके जातील, एवढंच. प्रवेशाच्या वेळी तिचा फारसा भाव नाही. जेनेटिक्सचं म्हणाल तर मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बायोलॉजी असला तर ती बहुधा मेजरसाठीच करावी लागेल, मग ऐच्छिक राहिलीच कुठे? तसं असेल तर फिजिऑलॉजी चौथ्या वर्षावर ढकलली तरी चालेल.

मग कॉलेजं या शिफारशी करतात कशाला, असं तुम्ही विचाराल. याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणावरचा अहवाल आला. मेडिकलला येणाऱ्याला बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आधी यायलाच हवं, हा दंडक त्यानंतर घट्ट झाला आणि जवळपास शतकभर कुणी त्याला हात लावला नाही. २००९ साली मेडिकल कॉलेजांची संघटना एएएमसी आणि हॉवर्ड ह्यूज संस्था यांनी मिळून अहवाल काढला की विषयांची नावं मोजू नका, विद्यार्थ्याला काय येतं ते बघा. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी सक्तीची यादी आखडती घेतली आणि उरलेले विषय शिफारशीत ढकलले. स्टॅनफर्डला तर ठरावीक विषयांची सक्तीच नाही. (म्हणून तिथे निवड झालेल्यांनी केमिस्ट्री टाळलेली असते, असा अर्थ कृपा करून काढू नका.) न्यूयॉर्कच्या माउंट सायनायने याच्याही आधी, १९८७ पासून, साहित्य-इतिहासासारखे विषय घेतलेल्या काही मुलांना ऑरगॅनिक-फिजिक्सचे नेहमीचे कोर्स आणि एमकॅट, दोन्हींतून सूट देऊन घ्यायला सुरुवात केली. २०१० मध्ये त्यांचा निकाल छापून आला, तेव्हा ती मुलं बाकीच्यांच्या तोडीस तोड निघाली होती. अर्थात ती मुळातच पारखून घेतलेली मुलं. पण यादीतला अमुक विषय केल्याशिवाय चांगला डॉक्टर होत नाही, ही समजूत त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

तरी एक सावधगिरी. सगळ्या शिफारशी सारख्या नसतात. एखाद्या कॉलेजने 'जोरदार शिफारस' असं लिहिलं असेल आणि तुमच्या राज्यातलं ते कॉलेज तिच्या यादीत वरती असेल, तर तो विषय तिथल्यापुरता सक्तीचाच समजा. हे मंडळात विचारून कळत नाही. एएएमसीची एमएसएआर नावाची ऑनलाइन सूची आहे, प्रत्येक कॉलेजाला काय हवं, काय आवडेल, एपी चालतं की नाही, सगळं त्यात असतं. लेकीला म्हणावं, जिथे अर्ज करायचाय ती पंधरा-वीस कॉलेजं काढ, एका कागदावर आखून घे, आणि प्रत्येक कॉलेजच्या स्वतःच्या वेबसाइटशी ताडून बघ. एका दुपारचं काम आहे. तो कागद ॲडव्हायझरच्या यादीपेक्षा खरा. हे काम तुम्ही करू नका, तिला करू द्या.

(दुसऱ्या वाचकांसाठी जाता जाता: ज्यांची मुलं अजून एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या एच-वन नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहेत त्यांनी विषयांच्याही आधी त्याच सूचीत बघावं की कॉलेज ग्रीन कार्ड नसलेल्यांचा अर्ज घेतं का. बहुतेक घेत नाहीत. जेनेटिक्स घेऊ की फिजिऑलॉजी, हा प्रश्न त्यानंतरचा.)

आता त्या सी प्लसकडे येऊ. विषय पुन्हा केला तर ॲमकॅस जुना ग्रेड पुसत नाही, दोन्ही मोजते. विद्यापीठाने जुना झाकला तरी इथे तो दिसतोच. सी प्लसने बहुतेक कॉलेजांची अट पुरी होते, म्हणजे पुन्हा करायची सक्ती कुणाची नाही. एवढे पैसे आणि वेळ घालून हाती काय येईल? आधी शिकलेल्या गोष्टीत ए. वाचणाऱ्याला त्याचं कौतुक नाही. त्यापुढच्या, त्याहून अवघड केमिस्ट्रीत ए आला तर मात्र तो मनाशी म्हणतो, पहिल्या वर्षी मुलगी गडबडली, नंतर सावरली. त्या सी प्लसला उत्तर द्यायचं काम बायोकेमिस्ट्री करेल. यादीतली ही एकच गोष्ट एका वेळी दोन कामं करते.

उन्हाळ्यातल्या कम्युनिटी कॉलेजबद्दल. तिथे शिकणं कमीपणाचं मुळीच नाही, कित्येक डॉक्टर तिथूनच सुरुवात करून पुढे गेलेत. पण चार वर्षांच्या विद्यापीठात असताना नेमकं अवघड सायन्स तेवढं उन्हाळ्यात दुसरीकडे उरकलं, की वाचणाऱ्याच्या मनात किडा वळवळतो. पहिल्या वर्षी सी प्लस असताना तर जास्तच. आणि ते लपत नाही, सांगितलं ना, प्रत्येक ठिकाणची ट्रान्सक्रिप्ट जाते. या उन्हाळ्यात तिला एखाद्या डॉक्टरांबरोबर थोडे दिवस शॅडोइंग, म्हणजे सोबत राहून त्यांचं काम बघणं, करू द्या, थोडी झोप काढू द्या.

ऐच्छिक विषयाचा एक फायदा कुठल्याच यादीत छापलेला नसतो. अर्जाला प्रोफेसरांची शिफारसपत्रं लागतात, आणि पुष्कळ कॉलेजांना त्यांतली दोन सायन्सच्या प्रोफेसरांची हवी असतात. सरकारी विद्यापीठात जनरल केमिस्ट्रीला तीनशे मुलं एका हॉलमध्ये. तिथल्या प्रोफेसरला तुमची लेक म्हणजे हजेरीतला एक नंबर. तो पत्र देईलही, पण त्यात लिहिणार काय? वर्गात यायची, ए मिळाला. वरच्या वर्गाच्या फिजिऑलॉजीत पंचवीस-तीस मुलं असतात. तिथे ती ऑफिस अवर्सना, म्हणजे प्रोफेसरांनी भेटीसाठी ठेवलेल्या वेळेत, गेली, प्रश्न विचारले, एखाद्या प्रेझेंटेशनला फजिती होऊन पुढच्या वेळी नीट करून आली, तर त्या माणसाकडे सांगायला काहीतरी असतं. एकाच विषयाच्या दोन सेक्शनपैकी (तुकड्यांपैकी) एक निवडायचा झाला तर लहान वर्ग निवडायला सांगा, मग तो सकाळी आठचा का असेना.

आणि आता ॲम्ब्युलन्स. तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय: तिथे अर्धे पेशंट स्पॅनिशच बोलतात, म्हणून तिला स्पॅनिश घ्यायचंय. एवढा सरळ, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सुचलेला हेतू अर्जांत क्वचित दिसतो. पुष्कळ मुलं विषय आधी घेतात नि कारण नंतर शोधतात. हिच्याकडे कारण आधी आलं.

ती शनिवारी रात्री करते काय, हे तिने तुम्हाला कधी सांगितलंय का? आपल्या मुली घरी असलं काही सांगत नाहीत, आई घाबरेल म्हणून. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात एक आजी खुर्चीत बसलेली, छातीशी हात धरून. ब्लडप्रेशरचा पट्टा बांधायचा, नाडी बघायची, आणि पाठोपाठ ठरलेले प्रश्न: काय होतंय, कशाची ॲलर्जी आहे का, औषधं कुठली घेता, आधी काय आजार होते, शेवटचं कधी जेवलात. आजीला इंग्रजी येत नाही. मग दहा वर्षांच्या नातवाला पुढे करतात. तो बिचारा घाबरलेला, आजीच्या गोळीचं नाव त्याला कुठून ठाऊक असणार? घरातल्या मुलाला असं दुभाषा करू नये, हे इथल्या मेडिकल कॉलेजात शिकवतात. तुमच्या लेकीला ते वर्गात बसण्याआधीच कळलंय. 'दोंदे ले दुएले', कुठे दुखतंय, एवढं जरी तिला आजीच्या डोळ्यांत बघून विचारता आलं तरी त्या दोन-तीन मिनिटांत फरक पडतो.

स्पॅनिशही 'इतर'च्याच रकान्यात जातं, हे मान्य. सायन्स जीपीए त्यानेही हलत नाही. मग सोशिऑलॉजीला नको आणि स्पॅनिशला हो कसं म्हणते मी? कारण सोशिऑलॉजी तुम्हाला हवीय ती अर्जासाठी, आणि स्पॅनिश तिला हवंय ते शनिवारसाठी. मुलाखतीत दोन्हींबद्दल विचारलं तर कुठल्या उत्तराला तिचा चेहरा खुलेल, ते तुम्हीच सांगा. एक मात्र तिला बजावून ठेवा: दोन सेमिस्टर शिकून अर्जात 'मी पेशंटशी स्पॅनिशमध्ये संवाद साधते' असं ठोकून द्यायचं नाही. अवघड बोलणं आलं की फोनवरचा दुभाषा लावायचा. स्वतःला किती येतं आणि कुठे थांबायचं, हे माहीत असलेला उमेदवार मुलाखत घेणाऱ्याला आवडतो.

अर्जात कामांसाठी पंधरा जागा असतात. प्रत्येकीला ७०० अक्षरं, स्पेस धरून, म्हणजे जेमतेम एक परिच्छेद. त्यातल्या तीन कामांवर आणखी १३२५ अक्षरं लिहायची मुभा मिळते. तिच्या त्या तिनांतलं एक ठरलेलंच आहे. ते नेमकं शेवटच्या वर्षी बंद केलं तर तारखांच्या रकान्यात दिसेल की काम मार्चमध्ये थांबलं आणि अर्ज जूनमध्ये आला. मग कुणीतरी विचारणारच, डॉक्टर व्हायची वेळ आली तेव्हा पेशंट सोडलेत का म्हणून.

मंडळातल्या त्या मुलाचं म्हणाल तर त्याने सात विषय घेतले हे खरं, आणि त्याला ॲडमिशन मिळाली हेही खरं. पण त्याची एमकॅट किती होती, रिसर्च काय होता, कॉलेज कुठलं होतं, हे चहा पिता पिता कुणी सांगत नाही. सातही विषय घेऊन ज्याला मिळाली नाही, त्याचे आईवडील तर त्या विषयावर बोलतच नाहीत.

शेवटी वेळापत्रक. पुढच्या जूनच्या अर्जात चौथ्या वर्षाचे विषय नुसते नावाने दिसतील, ग्रेडशिवाय. म्हणजे अर्जाला बळ द्यायचं ते तिसऱ्या वर्षातच. पण एखाद्या कॉलेजला हवा असलेला विषय चौथ्या वर्षी पुरा केला तरी चालतो, मेडिकलचा वर्ग सुरू होण्याआधी झाला म्हणजे झालं. सगळं एका वर्षात कोंबायची घाई त्यामुळेही नको. आणि एमकॅट मनासारखी झाली नाही तर एक वर्ष थांबू दे. एमडीला प्रवेश मिळणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं पदवीनंतर एखादं तरी वर्ष थांबून आलेली असतात. मुलगी वर्षभर घरी बसलीय असं मंडळात कुणी म्हणेल. म्हणू दे.

तेव्हा सप्टेंबरसाठी नोंदणी उघडली की आधी बायोकेमिस्ट्रीची जागा धरायची, तिचे सेक्शन पटापट भरतात. मग स्पॅनिश, मग मेजरचं जे असेल ते, पंधरा क्रेडिटला थांबायचं. स्टॅटिस्टिक्स, आणि फिजिऑलॉजी चौथ्या वर्षावर ढकलली नसेल तर तीही, जानेवारीपासून, म्हणजे मेअखेर ग्रेड येतील आणि अर्जात मोजले जातील. त्या सेमिस्टरला मेजरचा भार जितका हलका ठेवता येईल तितका ठेवायचा. स्क्वाडच्या प्रमुखांना तिने जानेवारीतच सांगून ठेवावं की मार्च-एप्रिलमध्ये महिन्याला एकच शनिवार जमेल. आधी सांगितलं तर ते पाळ्या बदलून देतात, परीक्षा असलेलं पोर त्यांना काही नवीन नसतं.